आपल्यात कुणी वाजवत नाही

जूनच्या शेवटी एका संध्याकाळी लेक स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. फ्रिजला पाठ म्हणजे काहीतरी मागायचंय आणि ते मिळणार नाही याची खात्री आहे. "मला ढोल-ताशा पथकात जायचंय," म्हणाली, आणि मी तोंड उघडायच्या आत बाकीचं एका दमात सांगून टाकलं. सराव सहा ते साडेआठ, क्लास साडेपाचला सुटतो, पथकात निम्म्या मुलीच आहेत, परत सोडायला मैत्रिणीचे बाबा येणार आहेत, आणि अकरावीचे मार्क पुढे कुणी बघत नाही. मी फोडणीत मोहरी टाकली आणि म्हटलं, "बरं, जा की."

तिचा चेहराच पडला. दोन रात्री जागून केस तयार करावी आणि न्यायाधीशाने उभं राहता राहताच निकाल आपल्या बाजूने देऊन टाकावा, असं झालं तिचं. "पण बाबा?" तिने जरा आशेने विचारलं. बाबांनी मोबाइलमधून मान वर न काढता विचारलं, "सुपारी किती मिळते?" वाजवणाऱ्यांना काही मिळत नाही, सुपारीचे पैसे पथकाला जातात, हे कळल्यावर "मग ठीक आहे, टॅक्स भरायला नको," म्हणाले. झालं. इतक्या लवकर परवानगी मिळाल्यावर तिला त्या गोष्टीत काही दम आहे की नाही अशीच शंका आली असावी.

आमच्या घरात हा विषय आधी एकदा निघाला होता, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हा आम्ही सांगलीच्या गावभागात राहायचो. दादा नववीत होता. गणपतीच्या आधी महिनाभर तो रोज संध्याकाळी मित्राकडे गणितं सोडवायला जायचा. गणित इतकं मन लावून करणारा मुलगा घरात आहे याचा आईला अभिमान होता. मग एका रात्री जेवताना दादाने चमचा मागितला. आमटी-भात चमच्याने खाणारं माणूस आमच्या घरात नव्हतं. पाहुण्यांनी मागितला तरी आईला तो शोधावा लागायचा. आईने चमचा दिला आणि म्हणाली, "हात दाखव."

उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात ढोलाच्या टिपरूने फोड आले होते, एक फुटून ओला झालेला. आई उठली, हळद आणि तूप घेऊन आली. सांगलीत हळद सगळ्यावर चालते. अण्णा जेवत होते. त्यांनी ना हात बघायला मागितला, ना आवाज चढवला. ताक ओतून घेताना एकच वाक्य बोलले. "आपल्यात कुणी वाजवत नाही."

दादा दुसऱ्या दिवसापासून गेला नाही.

मला त्या वयात वाटलं, अण्णा म्हणतायत आपल्या घरात कुणाला वाजवता येत नाही. 'आपल्यात' या शब्दाचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि तो कुणी समजावून सांगितला नाही, तो एका कोनाड्यात ठेवलेला होता. अंगणातल्या नळाशेजारी दोन कप असायचे, एकाचा कान गेलेला. सणासुदीला हलगी वाजवत माणसं दारात यायची. अण्णा त्यांना पैसे द्यायचे, चहाही प्रेमाने द्यायचे, "काय वाजवलंस गड्या" म्हणायचे. पण चहा त्या कपांतून. आणि ते कप ती माणसं स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायची. कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की याच अण्णांच्या अंगावर काटा यायचा. घुमली नाही तर कुस्तीला रंग नाही, असं ते स्वतःच सांगायचे. ऐकायला सगळ्यांना हवी, वाजवायची मात्र ठरलेल्यांनी.

दादाने तबल्याला जायचं म्हटलं असतं तर अण्णांनी स्वतः सायकलवर डबलसीट सोडलं असतं. मिरज इथून दहा किलोमीटर. अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, सतारी-तंबोरे करणाऱ्यांचं गाव. तिकडे जाऊन कुणी काही शिकलं तर तो संस्कार. तबल्याची पुडीसुद्धा चामड्याचीच असते, पण ती गादीवर बसून वाजते. रस्त्यावर उभं राहून, कमरेला बांधून वाजतं त्याला आमच्याकडे वाद्य म्हणत नसत, 'वाजप' म्हणत.

आता काळ बदलला असं म्हणून पुढे जायला मला आवडेल, पण काळ नेमका कुठे बदलला ते बघावंसं वाटतं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने, मग शाळांनी पथकं काढली. पांढरे कुर्ते आले, फेटे आले, ध्वज आला, शिस्त आली, रांगा आल्या. तिथून ते वारं इकडे आलं. ढोल तोच, पण त्याला 'पथक' म्हटल्यावर तो इंजिनिअरांच्या आणि डॉक्टरांच्या पोरांच्या कमरेला शोभायला लागला. ढोलावर ताणलेलं पानसुद्धा आता फायबरचं मिळतं. पावसात उतरत नाही म्हणून ते सोयीचं, हे खरंच आहे. पण चामड्याला हात लावायचाही प्रश्न उरला नाही, ही सोय कुणी बोलून दाखवत नाही. आणि ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या हलगी होती त्यांची मुलं या फेट्यांच्या रांगेत किती असतात, हे मी सरावाच्या मैदानावर मोजायला गेले आणि अर्ध्यातच सोडून दिलं. चेहऱ्यावरून असं मोजायला बसणं, ते तरी अण्णांपेक्षा काय वेगळं?

अण्णा आज ब्याऐंशीचे आहेत. नातीचा फेटा बांधलेला फोटो त्यांनी सगळ्या नातेवाइकांना पाठवला, खाली लिहिलं, 'आमची वाघीण'. दादाने त्यावर अंगठा टाकला. नुसता अंगठा.

तर आमची वाघीण सरावाला जायला लागली. सुरुवातीला ढोल नाहीच, टाळ्यांवर हात बसवणं. त्यामुळे घरी ताटं, कुकरचं झाकण, डायनिंग टेबल आणि माझी पाठ यांच्यावर गावठी ठेका सुरू झाला. सरावाची जागा नदीच्या बाजूला, त्यामुळे आम्हा आयांना रोज आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याचा आकडा बघायची सवय. चाळीस फूट इशारा पातळी, पंचेचाळीस धोक्याची; २०१९च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर गेलेलं पाणी ज्याने पाहिलंय तो सांगलीकर पंचविसालाच बॅग भरायचा विचार करतो. यंदा जुलैत पाणी चढलं तसा सराव आठ दिवस बंद. ग्रुपवर सगळे हळहळले.

हो, ग्रुप. पालकांचा. मुलांना हवं होतं पथक. मिळालं पालकांचं पथक. कुणी इलेक्ट्रॉलचा खोका आणतंय, कुणी कुर्त्याची मापं गोळा करतंय, एक गृहस्थ रोज सरावाचा व्हिडिओ टाकून 'डावी रांग मागे पडतेय' असं कळवतात. त्यांचा मुलगा डाव्या रांगेत आहे आणि तो हल्ली बाबांच्या गाडीत पुढे बसत नाही म्हणे. एका बाबांनी मोबाइलवर आवाज मोजला, शंभरच्या वर डेसिबल. त्यांनी तो आकडा विजयचिन्हासह टाकला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा पंचावन्नची मर्यादा आहे. आमच्यातल्या कानाच्या डॉक्टर बाईंनी शांतपणे लिहिलं की शंभरला रोज पंधरा मिनिटांच्या पुढे कान उघडा ठेवू नये, आणि आपली मुलं अडीच तास उभी असतात. त्यावर तीन नमस्कार आले आणि विषय कुर्त्यांवर गेला. मला गंमत वाटते. इतक्या वर्षांत घराघरांतून पथकाला जेवढे विरोध झाले, अभ्यासाचे, मुलीच्या जातीचे, 'आपल्यात'चे, त्यांत हा एकच विरोध खरा होता आणि तो कुणी केलाच नाही. मी लेकीला इअरप्लग आणून दिले. ते ती घालते, अशी माझी समजूत आहे.

इंडियानापोलिसची आतेबहीण मध्यंतरी फोनवर होती. तिचा मुलगा तिकडच्या ड्रम कोअरमध्ये, म्हणजे तिकडच्या पथकातच. हिवाळ्यात निवडचाचणी, आणि उन्हाळाभर बसने गावोगाव फिरून वाजवायचं, रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर झोपायचं. त्यासाठी आई-बापांनी हजारो डॉलर भरायचे. बाविशीत पाऊल टाकलं की संपलं, बाहेर. "ऑगस्टमध्ये फायनल इथेच स्टेडियममध्ये असते, म्हणून निदान एकदा घरचं जेवतो," ती म्हणाली. "आम्ही गेल्या वर्षी तीन शोंना त्याच्या बसमागे गाडीने गेलो. चौथ्याला त्याने सांगितलं, मॉम, प्लीज." मी हसले. हसायला नको होतं.

कारण संस्थानच्या गणपतीच्या आदल्या रात्री, म्हणजे चौथ्या दिवशी, लेक पुन्हा फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. पाचव्या दिवशी राजवाड्यातून संस्थानचा गणपती निघतो तेव्हा अर्धी सांगली रस्त्यावर असते, आणि तिचं पहिलं वादन त्याच दिवशी, एका मंडळासमोर होतं. मी पाण्याची बाटली, सुका खाऊ, चिकटपट्टी असं काढून ठेवत होते.

"आई," ती म्हणाली, "तू येऊ नकोस ना."

"का गं?"

"असंच."

या वेळी तिची काही तयारी नव्हती, मुद्दे नव्हते. मीही वाद घातला नाही, पण 'जा की' म्हणताना लागला नव्हता एवढा वेळ 'बरं' म्हणायला लागला.

गेले नाही. विश्रामबागेतल्या आमच्या गच्चीवर उभी राहिले तर गावातलं काय ऐकू येणार? जवळच्या गल्लीतलं कुणाचं तरी स्पीकरवरचं गाणं तेवढं येत होतं. व्हिडिओवाल्या गृहस्थांनी ग्रुपवर काही टाकलं असणार. मी फोन चार्जिंगला लावून आत आले.

ती साडेदहाला आली. कुर्त्याला गुलाल, कमरेत दोरीचे वळ, आवाज बसलेला. कसं झालं म्हटलं तर "मस्त" म्हणाली आणि नळाखाली बराच वेळ हात धरून उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून. मग जेवायला बसली. उजवा हात मांडीवर.

मी आमटी वाढली, भात वाढला, आणि तिने मागायच्या आत ताटात चमचा ठेवला.