खंबाटकीत मान टाकणारी गाडी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की खंबाटकीच्या चढावर माझी जुनी पेट्रोल सेडान मान टाकायची. तिसरा गिअर, दोन-अडीच हजार आरपीएम, पाय तळापर्यंत दाबलेला, तरी गाडी ओढायची नाही. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

गॅरेजमध्ये नेहमीचे सोपस्कार झाले. प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टरची सफाई, थ्रॉटल बॉडी धुणं. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही. शेवटी निदान आलं, "साहेब, क्लच गेला." पण क्लच घसरत असता तर आरपीएमचा काटा वर पळाला असता आणि गाडी जागेवर राहिली असती. इथे काटाही रांगत होता. खर्चाला नाही म्हटलं आणि घरी आलो.

धागा घाटातच मिळाला. एकदा वैतागून दुसरा टाकला, काटा साडेचार हजारांपुढे गेला आणि गाडी सुसाट सुटली. पेट्रोल कमी पडत असतं तर ती वरच आधी मेली असती, कारण तिथे पेट्रोल जास्त लागतं. दुखणं फक्त खालच्या आरपीएमला होतं.

मग इनटेक मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याकडे वळलो. नळ फटकन बंद केला की पाइपात ठक्क होतं ना, तसंच इथे. इनटेक व्हॉल्व्ह मिटतो, आत धावणारी हवा त्यावर आदळते आणि दाबाची लाट ध्वनीच्या वेगाने नळीतून मागे जाऊन परत येते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडायच्या बेतात असताना ती पोचली, तर सिलिंडरमध्ये हवा फुकटात जास्त भरते. ३००० आरपीएमला एक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा हवा ओढतो, ६००० ला ५० वेळा. एकाच लांबीची नळी दोन्हीकडे जुळणार कशी? म्हणून संथ इंजिनाला लांब वाट आणि पळत्या इंजिनाला आखूड वाट, अशी सोय मॅनिफोल्डमध्येच करतात आणि मध्ये झडप बसवतात. (१९९१ ची ल मान्स शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७बीत तर नळ्याच सरकून लहान-मोठ्या व्हायच्या. पण ती रोटरी इंजिनाची शर्यतीची गाडी. आमची ऑफिसला जाणारी.)

माझ्या इंजिनात ही झडप व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्याच हवेच्या ओढीवर चालते. आयडलिंगला झडपेच्या डबीतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, झडपेची काडी आत ओढतो आणि वाट लांब होते. आरपीएम वर गेलं की सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) व्हॅक्यूम तोडतो आणि स्प्रिंग वाट आखूड करते. बॉनेट उघडून मुलाला स्टार्टर मारायला सांगितलं. काडी हललीच नाही. सोलेनॉइडकडून येणारी बारीक नळी काढून बोट लावलं, तर बोट चिकटलं. म्हणजे ओढ डबीपर्यंत येत होती. मग इंजिन बंद करून डबीच्या तोंडाला दुसरी नळी लावली आणि तोंडाने ओढून पाहिलं. काडी पाव इंच आली आणि सुस्कारा टाकून परत गेली. जिभेवर जुन्या ऑइलची चव संध्याकाळपर्यंत होती. डायफ्राम फाटलेला, म्हणून वाट कायम आखूडच आणि खाली ओढ नाही. आयडलिंग थोडं वर-खाली व्हायचं तेही त्यामुळेच. मी ते गाडीच्या वयावर ढकललं होतं. झडपेच्या जागेवर सेन्सर नाही, म्हणून स्कॅनरही गप्प.

शोरूममध्ये म्हणाले, सुटी डबी मिळत नाही, अख्खं मॅनिफोल्ड घ्या. किंमत ऐकून फोन ठेवला. भंगारात निघालेल्या त्याच मॉडेलची डबी मिळवली. घेण्याआधी दुकानातच नळीने ओढून, नळीचं तोंड जिभेने बंद करून, काडी परत जाते का बघत मनात साठपर्यंत मोजलं. दुकानदार बघत राहिला. उष्णतेने कडक झालेल्या दोन रबरी नळ्याही बदलल्या. काम वीस मिनिटांचं, त्यातली दहा खाली पडलेली क्लिप शोधण्यात गेली.

आता खंबाटकी तिसऱ्यात चढते. झडप पलटते तेव्हा इंजिनाचा सूर घोगऱ्यावरून एकदम मोकळा होतो. तो ऐकायला मी उगाच दुसरा टाकतो, आणि बायको दचकून विचारते, "परत बिघडली का?"