मधल्या काळात काय करत होतात?

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्यात लाइन इन्स्पेक्टरच्या, म्हणजे तयार होणारा माल तपासणाऱ्याच्या, दोन जागा निघाल्या. एच.आर.कडे आलेल्या दीड-एकशे बायोडेटांतून बावीस निवडून माझ्याकडे आले. मी म्हटलं, बाकीचेही पाठवा. एच.आर.च्या मॅडम म्हणाल्या, "सर, त्यातले बरेचसे गॅपवाले आहेत." म्हणजे मध्ये काही काळ नोकरी नसलेले. मी म्हटलं, मला तेच बघायचेत.

का, ते त्यांना तेव्हा सांगितलं नाही. इथे लिहितो.

माझी नोकरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये गेली. भोसरी एम.आय.डी.सी.तलं प्रेस शॉप, गाड्यांचे सुटे भाग बनवणारं. मी क्वालिटीत असिस्टंट मॅनेजर, वय त्रेचाळीस, एकूण नोकरी एकोणीस वर्षांची. त्या वर्षी गाड्यांचा खप पडला होता. मोठ्या कंपन्या महिन्यातले काही दिवस प्लांटच बंद ठेवत होत्या. पुढच्या एप्रिलपासून बी.एस.-सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम, लागणार, म्हणून जुन्या इंजिनांचा माल कोणाला साठवायचा नव्हता. आमचं शेड्यूल निम्म्यावर आलं. आधी कॉन्ट्रॅक्टची पोरं थांबवली, मग आमच्यावर आलं.

शुक्रवारी संध्याकाळी केबिनमध्ये बोलावलं. समोर टाइप केलेला कागद होता, माझ्याच नावाचा राजीनामा. "काढून टाकलं असं रेकॉर्डला नको, तुमच्याच पुढच्या नोकरीला बरं पडेल." दोन महिन्यांचा पगार जास्त देतो म्हणाले. मी सही केली. घरचा हप्ता, मुलीची फी, सगळं डोळ्यापुढे होतं आणि समोरचा माणूस माझ्या भल्याचं बोलतोय असं मला खरंच वाटलं.

त्या एका सहीने काय झालं ते पुढच्या दोन वर्षांत कळलं. प्रत्येक मुलाखतीत प्रश्न यायचा, "हातात दुसरी नोकरी नसताना राजीनामा का दिलात?" खरं सांगावं तर कागद वेगळं बोलतो. कागदाप्रमाणे सांगावं तर मी बेजबाबदार ठरतो. कपातीत काढलेल्या माणसाला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात निदान दोन गोष्टी होत्या. नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि त्याच कंपनीत पुन्हा भरती निघाली तर आधी त्याला विचारायचं. पण हे 'कामगारा'साठी. मी सुपरवायझरच्या वरचा, आणि वर स्वतः राजीनामा दिलेला. आपल्याकडे इंजिनिअरच्या नोकऱ्या अशाच जातात आणि कपातीच्या हिशोबात त्या कुठेच दिसत नाहीत.

मी एक वही केली होती. फोन आला की तारीख, कंपनी, काय बोलणं झालं, सगळं लिहायचं. पहिल्या तीन महिन्यांत चौदा फोन. पुढच्या तीन महिन्यांत पाच. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि वहीची पानं कोरी राहिली. दिवाळीच्या सुमारास गाड्यांची मागणी परत आली, चाकणला भरती सुरू झाली, तेव्हा वाटलं आता जमेल. फोनवर विचारायचे, "कोविडमध्ये गेली का नोकरी?" मी म्हणायचो, नाही, त्याच्या आधी. पलीकडे क्षणभर शांतता. "अच्छा, आधीच गेली होती." त्या 'आधीच' शब्दानंतर पुढचं बोलणं एका मिनिटात संपायचं. माझ्या बरोबरीच्या एकाला मे २०२० मध्ये काढलं, त्याला पाच महिन्यांत नोकरी लागली. काम आम्ही एकच करत होतो. फरक नऊ महिन्यांचा होता.

जाहिरातीत लिहिलेलं असतं, 'ताबडतोब रुजू होणारा उमेदवार हवा.' कारण नोकरीत असलेल्या माणसाला नोटीस पिरियड असतो, कुठे साठ दिवस, कुठे नव्वद. मी फोन करून सांगायचो, उद्या येतो. मग त्याचीच शंका. उद्या कसा येतो हा? कोणी ठेवलेलं दिसत नाही. नव्वद दिवस थांबायला लावणारा माणूस त्यांना चालत होता.

आणि पगाराच्या स्लिपा. 'शेवटच्या तीन महिन्यांच्या.' फॉर्ममध्ये रकाना असतोच. माझ्याकडे होत्या त्या २०१९ च्या मे, जून, जुलैच्या. एके ठिकाणी पोरगी त्या बघून म्हणाली, "सर, या चालणार नाहीत, सिस्टीम घेत नाही." मी कमी पगारावर तयार झालो, तर म्हणाले, "तुम्ही टिकणार नाही, बरं मिळालं की जाल." तिसऱ्या जागी अर्ध्या पगाराची तयारी दाखवली, तर मालक माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी काहीतरी लपवतोय असं वाटलं असणार.

तेव्हा रात्री झोप नसायची, मोबाइलवर वाचत बसायचो. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविदिग्दो या तीन अर्थतज्ज्ञांचा अमेरिकेतला प्रयोग वाचला, २०१३ मध्ये छापलेला. त्यांनी सुमारे तीन हजार जाहिरातींना बारा हजार बनावट बायोडेटा पाठवले आणि माणूस किती महिने घरी आहे एवढंच चिठ्ठ्या टाकल्यासारखं बदलत ठेवलं. जितके महिने जास्त तितके मुलाखतीचे फोन कमी, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली. मी उठून वही काढली. माझे फोन सातव्या महिन्यात थांबले होते. लॉकडाऊननेच थांबले असं मी स्वतःला सांगत आलो होतो. त्याच सुमारास रँड घयाद नावाच्या संशोधकाने आणखी बोचरी गोष्ट दाखवली होती. सहा महिन्यांहून जास्त घरी असलेल्या अनुभवी माणसापेक्षा, त्या कामाचा अनुभवच नसलेला पण नुकतीच नोकरी गेलेला माणूस मालकांना बरा वाटत होता. तिथे न्यू जर्सीने २०११ मध्ये कायदा करून 'बेकारांनी अर्ज करू नये' अशा जाहिरातींवर बंदी आणली. आपल्याकडे जाहिरातीत असं कोणी लिहीत नाही. ते चाळणीत असतं.

या चाळणीबद्दल मला एक सांगायचंय, आणि हे लिहायला जड जातंय. २०१६ मध्ये मीच ती लावली होती. तेव्हा माझ्या टेबलावर असेच बायोडेटा आले होते. एकाचं मधलं दीड वर्ष रिकामं होतं. सी.एम.एम., म्हणजे सुट्या भागांची अचूक मापं घेणारं मशीन, चालवता येत होतं, आम्हाला तेच हवं होतं. मी पेनने त्या रिकाम्या जागेला गोल केला आणि कागद खालच्या गठ्ठ्यात ठेवला. त्या माणसाला फोनसुद्धा केला नाही. त्याचा चेहरा मला माहीत नाही, नाव आठवत नाही, तो निळ्या शाईचा गोल मात्र आठवतो. मला वाटलं होतं, इतर वीस जणांनी नाकारलाय म्हणजे काहीतरी असेलच. आता कळतं, त्या वीस जणांनीही हाच विचार केला असणार. त्याला कोणी तपासलंच नव्हतं. मशीनवर लावून न मोजता पीस रिजेक्टच्या पेटीत टाकणं मी माझ्या इन्स्पेक्टरचं कधीही चालवून घेतलं नसतं.

घरचं थोडंच लिहितो. मुलगी नववीत गेली तेव्हा शाळेचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. वडिलांचा व्यवसाय. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पप्पा, मागच्या वर्षीचंच ठेवते." तिने इंजिनिअर लिहिलं. बायकोने त्या दोन वर्षांत शिवणकामावर घर ओढलं, मोशीच्या फ्लॅटचा एकही हप्ता चुकू दिला नाही. आधी पी.एफ. काढला, मग तिच्या बांगड्या. सासरे दर रविवारी फोन करायचे, पण नोकरीचं कधी विचारलं नाही. "जावईबापू, जेवलात का?" एवढंच विचारायचे.

आणि 'मधल्या काळात काय करत होतात?' याचं खरं उत्तर असं. जुन्नरला भावाच्या शेतावर पहिल्या लॉकडाऊनमध्ये कांदा काढला आणि सोसायट्यांना भाजी पोचवण्याचा सगळा हिशोब सांभाळला. तळवड्याला एका मित्राचं छोटं वर्कशॉप आहे, त्याच्यासाठी गेज आणि फिक्स्चरची, म्हणजे माप तपासायच्या आणि पीस पकडून ठेवायच्या साधनांची, ड्रॉइंगं काढून दिली. त्याचे हजार-दोन हजार हातावर मिळायचे, अनुभवाचं पत्र कुठून मिळणार? एका गेजने त्याचं रिजेक्शन बंद झालं होतं, पण बायोडेटात लिहिलं तर विचारायचे, कंपनीचं नाव काय, पी.एफ. नंबर काय. सरकारच्या श्रमबल पाहणीत आठवड्याचा हिशोब करताना सात दिवसांत एक तास काम केलेला माणूसही रोजगारात धरतात. म्हणजे त्या मोजणीत मी बेकार नव्हतोच, आणि मालकांच्या मोजणीत मी सव्वीस महिने काहीच केलं नव्हतं. माझे ते महिने दोन्हीकडे नीट मोजले गेले नाहीत.

नोकरी ऑक्टोबर २०२१ मध्ये लागली, तीही मुलाखतीच्या जोरावर नाही. आमचा एक जुना टूलरूमवाला होता, त्याचे डाय, म्हणजे प्रेसचे साचे, मी पूर्वी कितीदा परत पाठवले होते. त्याने आताच्या मालकांना सांगितलं, हा माणूस चुकीचा माल पास करत नाही, घ्या. ज्याच्याशी मी सर्वांत जास्त भांडलो त्यानेच माझी खात्री दिली. ज्याच्या ओळखीत असा कोणी नाही त्याचं काय होत असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

तर त्या सगळ्या बायोडेटांतून मी सात जणांना बोलावलं, त्यात तीन गॅपवाले. टेबलावर एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, ठेवला आणि तो मोजायला शून्य ते पंचवीस मिलिमीटरचा मायक्रोमीटर. तो मुद्दाम झिरोला दोन शतांश मिलिमीटर जास्त दाखवणारा ठेवला होता. चार जणांनी उचलला आणि झिरो न तपासता सरळ बुश मोजला.

एक गृहस्थ आले, वय अठ्ठेचाळीस, एकोणीस महिने घरी. इस्त्री केलेला शर्ट. बसल्याबसल्या त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. आधीची कंपनी बंद झाल्याच्या नोटिशीची झेरॉक्स, आईच्या आजारपणाचे कागद, तारखेप्रमाणे लावलेले. "सर, मधल्या काळाचं सांगतो..." बोटं कागदांवरून फिरत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "ते राहू द्या. एवढं जरा मोजून द्या."

त्यांनी फोल्डर बाजूला ठेवलं. खिशातून रुमाल काढून आधी हात पुसले. माझ्याकडे कागदाचा कपटा मागितला, तो मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये हलकेच धरून ओढून काढला. रॅचेट फिरवलं, तीन वेळा टकटक वाजू दिलं, रेघ डोळ्यासमोर धरली. पुन्हा उघडून पुन्हा तेच केलं.

"सर, झिरोला दोन शतांश आहे. पाना दिलात तर सेट करतो, नाहीतर रीडिंगमधून वजा करून सांगू?"

मी पाना दिला.

त्यांच्या फॉर्ममधला तीन महिन्यांच्या स्लिपांचा रकाना रिकामा आहे. तो तसाच चालेल, पगार पोस्टप्रमाणे पूर्ण द्या, असं मी एच.आर.ला सही करून लेखी दिलं. सोमवारपासून ते बी शिफ्टला येतात.