मध्यरात्रीच्या उन्हात तुतारी

रात्रीचा एक वाजला होता आणि उत्किआग्विकच्या बाहेर, गॅसवेल रोडच्या कडेला, मी उन्हात उभी होते. अलास्काच्या या उत्तर टोकाला मेच्या दुसऱ्या आठवड्यात वर आलेला सूर्य थेट ऑगस्टमध्येच मावळतो. गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. २०१६पर्यंत याचं नाव बॅरो होतं. मग गावकऱ्यांनी मतदान करून आपलं इनुपियाक, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं, नाव परत घेतलं. फार बरं केलं.

जूनचा पहिला पंधरवडा. बर्फ वितळून जिकडेतिकडे डबकी साचलेली. खालची माती कायमची गोठलेली, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही. शेवाळावर पाय ठेवला की पचकन आत जायचा.

तेवढ्यात ‘हू-हू-हू’ असा पोकळ आवाज आला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा. पेक्टोरल सँडपायपरचा, म्हणजे तुतारी नावाच्या पाणपक्ष्यांच्या कुळातल्या एका पक्ष्याचा, नर! छाती सुगडासारखी फुगवून तो गवतालगत उडत माझ्यासमोरून गेला. सायबेरियाच्या टुंड्रातून येणारे याचे भाऊबंद, आपले टिलवे, उरणच्या चिखलात मी कितीतरी हिवाळे पाहिलेत. करडे, सतत चोच खुपसत फिरणारे. तुतारीच्या कुळातला पक्षी असा घुमतो, हे ऐकून अंगावर काटा आला.

या नरांना झोपेची फिकीर नसते. याच टुंड्रावरच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक नर १९ दिवस ९५ टक्क्यांहून जास्त वेळ जागा होता. जे कमी झोपले, त्यांनाच जास्त पिल्लं झाली. पण अंडी उबवायला मात्र मादी एकटीच.

पुढच्या डबक्याकाठी उलटा संसार होता. लाल फॅलारोप या छोट्या पाणपक्ष्याची मादी विटकरी रंगाची, झळझळीत. नर फिकट, आणि घरट्यावर बसलेला तोच. पायांपासून चार हातांवर तो उठला तेव्हा मला घरटं दिसलं. चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली, शेवाळी रंगावर तपकिरी डाग.

वरून एक स्कुआ, अंडी-पिल्लं पळवणारा पक्षी, घिरट्या घालत आला. मी तिथं थांबले असते तर घरटं त्याला दाखवून दिल्यासारखंच झालं असतं. फोटो न काढताच मी मागे फिरले. रस्त्यावरून दुर्बीण लावली, तर नर परत बसला होता आणि चोचीनं आजूबाजूच्या गवताच्या काड्या अंगावर ओढून घेत होता.