लाकडावर संगमरवर रंगवताना

लाकडावर संगमरवराचा आभास निर्माण करायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष थेट शिरांकडे जाते; माझ्या मते मात्र शिरा हा या कामातला सर्वांत शेवटचा आणि हात सर्वांत आखडता घेण्याचा भाग आहे. दगडाला लाकडासारखे रेषे नसतात. त्यामुळे लांबी (पुट्टी) भरून, ती वाळल्यावर आधी 180 आणि मग 320 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, प्रायमर आणि फिकट सॅटिन (मंद चकाकीच्या) रंगाचे दोन हात दिल्याखेरीज पुढे जाण्यात अर्थ नाही. तिरप्या उजेडात एखादा रेषा जरी दिसला, तरी वरचे रंगकाम कितीही सुरेख असो, लाकूड लपत नाही.

संगमरवरात प्रकाश पृष्ठभागाखाली किंचित शिरून परत फिरतो आणि त्यातूनच त्याला खोली येते. ती एका जाड थराने साधत नाही. प्रत्येक थर वाळू देत ग्लेझचे, म्हणजे पारदर्शक रंगाचे, दोन-तीन पातळ थर द्यावे लागतात. पारदर्शक माध्यमात जेमतेम करडी झाक येईल एवढाच रंग मिसळावा, ओल्या थरावर चुरगळलेले कापड टेकवून ढगांसारखे आकार उमटवावेत आणि कोरड्या मऊ ब्रशच्या फक्त टोकांनी त्यांच्या कडा विरवून टाकाव्यात. तेलाचे ग्लेझ सावकाश वाळत असल्याने त्यात हे निवांतपणे करता येते, तर ॲक्रिलिक लवकर ओढू लागते, म्हणून त्यात वाळणे लांबवणारा रिटार्डर घालावा लागतो.

आता शिरा. चुनखडक उष्णतेने आणि दाबाने बदलून संगमरवर बनतो, आणि मूळ खडकातली माती, लोहाची संयुगे यांसारखी अशुद्ध द्रव्ये त्यात पट्ट्यांच्या व शिरांच्या रूपाने दिसतात. म्हणून रंगवतानाही शिरांचा एकंदर कल एकाच तिरप्या दिशेने ठेवावा. त्या मध्येच जाड व्हाव्यात, फाटे फुटावेत, काही ढगात विरून जाव्यात. लांब केसांचा ब्रश किंवा पक्ष्याचे पीस अगदी टोकाशी सैल धरून बोटांत फिरवत ओढले, की रेघेला हवा तसा कंप येतो. रंग ओला असतानाच शिरेची एक बाजू पुसट करावी आणि दुसरी तशीच ठळक राहू द्यावी.

टेबलाच्या कडेवर मात्र हमखास दुर्लक्ष होते. शीर दगडाच्या आतून जाते, तेव्हा ती वरच्या पृष्ठभागावर संपून चालत नाही, कडेवरून खाली उतरलीच पाहिजे. लांबलचक फळी असेल तर बारीक सांधा रेखून पलीकडच्या शिरांची मांडणी बदलावी, कारण दगड सहसा लाद्यांमध्ये बसवला जातो.

तेलाचे व्हार्निश कालांतराने पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या संगमरवरावर पाण्यातले पॉलियुरेथेन बरे; मात्र खालचे तेलाचे ग्लेझ पूर्ण वाळलेले हवे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कधीही टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.