शतपावली

जवळपास दोन वर्षं आम्हा नवरा-बायकोचं बोलणं मुलांमार्फत चाललं होतं. "बाबाला सांग, सिलिंडर संपलाय." "आईला विचार, शनिवारचं काय ठरलं." भांडण होतं असंही नाही. तो डोंबिवलीहून लोकलने फोर्टला जाणार, रात्री आठनंतर उतरणार. मी बँकेतून येऊन कुकर लावणार. उरलासुरला जीव दहावीतल्या मुलात आणि आठवीतल्या मुलीत.

मुलाने ही फट बरोबर हेरली. त्याला मित्रांबरोबर राजमाचीच्या नाइट ट्रेकला जायचं होतं. मला म्हणाला, "बाबा हो म्हणालाय." बाबाला म्हणाला, "आईची हरकत नाही." आम्ही एकमेकांना विचारलंच नाही! शुक्रवारी दारात सॅक दिसली आणि आमची जुंपली. तो कानात इयरफोन घालून बसला. खोटं बोलला तो, भांडत होतो आम्ही.

त्या रविवारी ठरलं : जेवण झालं की दोघांनीच शतपावली, मोबाइल घरी. आणि मुलांनी काही मागितलं तर उत्तर एकच, "उद्या सांगतो."

पहिले काही दिवस नुसती गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स आणि सासूबाईंचे गुडघे यांवरच चर्चा. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "तू बोलत नाहीस, निकाल देतेस." मी तरातरा एकटीच घरी आले. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तो चपला घालून दारात उभा. सॉरी वगैरे काही नाही (ते आमच्यात नाहीच). कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी पोचल्यावर म्हणाला, "मुलं सगळं तुलाच सांगतात. माझ्याकडे फक्त पैसे मागायला येतात. म्हणून मी पटकन हो म्हणतो. तेवढीच जरा बसतात."

सतरा वर्षांच्या संसारात हे मला कळलं नव्हतं. मी त्याला लाड करणारा, बेफिकीर बाप समजत होते.

खरी कसोटी 2025च्या मे महिन्यात लागली. 13 तारखेला दहावीचा निकाल आला. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मवर दहापर्यंत कॉलेजं भरता येतात, पण पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचं यावर सगळं अडलेलं. नवऱ्याला सायन्स हवं होतं, मुलाला कॉमर्स. आणि मी? मी मुलाला आधीच गुपचूप "कॉमर्स घे, बाबाचं मी बघते" सांगून बसले होते.

शतपावलीला ते कबूल करताना घशाला कोरड पडली. तो थांबला. "म्हणजे राजमाचीच केलंस की तू," एवढंच म्हणाला. परत येताना एक शब्द नाही. पुढचे तीन दिवस आम्ही फडके रोडपर्यंत जाऊन यायचो, कधी तावातावाने बोलत, कधी नुसतेच. चौथ्या दिवशी मुलाला समोर बसवलं. बाबाने एकच विचारलं, "अकाउंट्समध्ये नेमकं काय शिकवतात, माहितेय?" मुलगा वरच्या मजल्यावरच्या दादाचं पुस्तक घेऊन आला आणि दोघं अकरापर्यंत त्यात डोकं घालून बसले.

कॉमर्स मिळालं. नातेवाइकांसमोर "सायन्सही मिळत होतं" हे तो अजून सांगतोच. मी चिमटा काढते.

परवा आम्ही चपला घालत होतो तेव्हा मुलीने विचारलं, "आज माझा नंबर ना?"

"हो," आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.