गडगाच, पण अकरा मीटर उंच

झिम्बाब्वेला जाऊन आलो म्हटलं की सगळे पहिल्यांदा विचारतात व्हिक्टोरिया फॉल्सचं. बघितला ना, १७०८ मीटर रुंद, १०८ मीटर खाली कोसळणारी झांबेझी नदी, तुषार एवढे की रेनकोट घालूनसुद्धा चिंब झालो. तिथलं जुनं नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गरजणारा धूर, आणि समोर उभं राहिलं की तेच नाव खरं वाटतं.

पण मनात घर करून राहिलंय ते ग्रेट झिम्बाब्वे, म्हणजे एका जुन्या दगडी शहराचे अवशेष. मास्विंगो गावाजवळ आहे, राजधानी हरारेहून गाडीने चारेक तास लागतात, आणि बरेच लोक धबधबा बघून तसेच परत जातात याचं मला खरंच वाईट वाटतं.

आमच्या कोकणात परसाला गडगा असतो, नुसता दगडावर दगड, ना चुना ना माती, आणि दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतोच. इथली भिंत त्याच जातीची, पण ११ मीटरपर्यंत उंच, घेर साधारण २५० मीटर, आणि सहाएकशे वर्षांहून जास्त काळ उभी! विटेएवढे ग्रॅनाइटचे दगड. आसपासच्या टेकड्यांचा खडक दिवसा तापतो रात्री गार होतो, त्याचे पापुद्रे सुटतात, ते फोडून घडवलेले. मी फटीत नख घालून बघितलं, काही ठिकाणी नखसुद्धा जाईना. आत दोन उंच भिंतींमधून एक बोळ जाते, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद, आणि त्या बोळीच्या शेवटी तो शंकूसारखा बुरूज, आतून पूर्ण भरीव.

हे बांधलं इथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांनी, साधारण अकराव्या ते पंधराव्या शतकात. पण १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला आणि त्याने हे बायबलमधल्या शेबाच्या राणीशी जोडून टाकलं, का, तर आफ्रिकन माणसाला हे जमेल असं वाटतच नव्हतं. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन, या दोन पुरातत्त्वज्ञांनी खणून सांगितलं की हे इथल्याच लोकांचं काम, तरी ऱ्होडेशियाच्या (झिम्बाब्वेचं तेव्हाचं नाव) गोऱ्या सरकारला ते पचलं नाही. मला याचा अजून राग येतो. खोदकामात चिनी भांडी, इराणी भांडी आणि आपल्या भारतातून गेलेले काचेचे मणीसुद्धा सापडलेत, सोन्याच्या बदल्यात हिंदी महासागरावरच्या सोफाला बंदरातून आत आलेले, म्हणजे या लोकांचा व्यापार समुद्रापार चालत होता.

१९८० मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाने नावच या जागेवरून घेतलं, झिम्बाब्वे म्हणजे दगडाची घरं. झेंड्यावरचा पक्षी इथलाच, सोपस्टोन नावाच्या मऊ दगडात कोरलेला. मी म्युझियममध्ये त्याच्यासमोर उभा होतो तेव्हा शाळेची सहल आली, एका छोट्या मुलीने आधी पक्ष्याकडे बघितलं, मग खिशातून नोटबुक काढलं, त्याच्यावर झेंड्याचा स्टिकर होता, तो बाजूला धरून दोन्ही पक्षी नीट जुळवून बघत बसली, बाई हाका मारत होत्या तरी हलेना.