सतोपंथला काकांचा एकच प्रश्न: ग्लेशियर कुठाय?

ज्यांना सतोपंथ ताल माहीत नाही त्यांच्यासाठी आधी पटकन सांगते. बद्रीनाथच्या पुढे माणा गाव, आणि माणाच्याही पुढे अलकनंदेच्या काठाकाठानं वर चढत गेलं की लक्ष्मीवन, सहस्रधारा, चक्रतीर्थ आणि मग साधारण ४६०० मीटरवर हा तिकोनी तलाव. तीन कोपऱ्यांवर एकादशीला ब्रह्मा, विष्णू, महेश स्नानाला येतात म्हणे. पांडव याच वाटेनं स्वर्गाला निघाले, आधी द्रौपदी पडली मग सहदेव मग नकुल, हे तिकडे सगळेच सांगतात आणि कोण कुठं पडलं ती जागासुद्धा दाखवतात, फक्त सांगणारा बदलला की जागा पण बदलते 😄

आमची इंदूरची टोळी म्हणजे मी, माझा आत्तेभाऊ, त्याचे जिमवाले मित्र आणि आमच्या कॉलनीतले एक रिटायर्ड काका. काकांचं म्हणणं असं की अहिल्यादेवींनी एवढ्या लांब बद्री-केदारला धर्मशाळा बांधल्या आणि आपण इंदूरचे असून बद्रीनाथचं दर्शन घेऊन तिथूनच परत फिरायचं हे काही बरोबर नाही, थोडं तरी पुढे जायला पाहिजे. घरच्यांनी खूप समजावलं, डॉक्टरांनी तपासलं, पण काका काही ऐकेनात.

तयारी इंदूरात काय करणार, शहर ५५० मीटरवर, रोज रालामंडलची टेकडी, रविवारी जानापावचा डोंगर, तो पण साधारण साडेआठशे मीटर. यानं पाय तयार होतात एवढंच. वरच्या हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच २१ टक्के असतं पण हवेचा दाबच कमी, ४६०० मीटरला समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडासा जास्त, त्यामुळे प्रत्येक श्वासात कमीच मिळतं आणि ते दंडाच्या डोल्यांवर अवलंबून नाही. लक्ष्मीवनलाच एका जिमवाल्याचं डोकं धरलं आणि काका आपले निवांत चहा पिऊन राहिलेत. दादा (आत्तेभाऊ) त्याला म्हणाला, "भिया, रेस नाहीये ही." गाइडभैजींनी (गढवालीत भैजी म्हणजे मोठा भाऊ) त्याला त्या दिवशी पुढे जाऊच दिलं नाही, पाणी पाजलं, आराम करायला लावलं, सकाळी दुखणं उतरलं तेव्हाच निघालो. मला हे फार पटलं. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, आणि कमी झालंच नाही तर सरळ खाली उतरायचं, यात लाज कसली?

लक्ष्मीवनला भूर्जपत्राची झाडं आहेत, साल कागदासारखी सुटते (काढू नका प्लीज, आधीच लोकांनी पार सोलून ठेवलीयेत). त्याच्यापुढे झाड म्हणून दिसत नाही. आणि इथूनच काकांचा प्रश्न सुरू झाला, की ग्लेशियर कुठाय?

आता आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ग्लेशियर म्हणजे पांढरंशुभ्र, कॅलेंडरवर असतं तसं. आणि समोर काय, तर रस्ता रुंद करायला घरं पाडल्यावर आपल्याकडे जो मलबा पडलेला असतो ना, तसा मलबा, पण किलोमीटरच्या किलोमीटर, करडा, मातकट, मध्येच ट्रकएवढे दगड. आम्ही मोरेनच्या धारेवरून चाललो होतो, म्हणजे हिमनदीनंच कडेला आणून टाकलेला दगडमातीचा बांध, एवढा अरुंद की समोरून कोणी आलं तर बाजूला कसं व्हायचं हाच प्रश्न. काका थांबले आणि परत तेच. भैजी हसून म्हणाले, "अंकल, ये जो दिख रहा है ना, यही है ग्लेशियर. बर्फ इसके नीचे है."

काकांना काही पटलं नाही. खरं सांगू, मलाही आतून नाही पटलं. मग थोडं पुढे एका ठिकाणी तो मलबा घसरून खाली गेला होता आणि तिथं उभी भिंत उघडी पडलेली, काळपट, घाणेरडी, ओली, चमकणारी. बर्फ! खाली हिरवट पाण्याचं डबकं, आणि वरून दर थोड्या वेळानं एक दगड सुटून त्यात पडायचा, डुबुक. काका कितीतरी वेळ बघत राहिले, पुढे चला म्हटलं तरी हलेनात.

भैजींनी मग सांगितलं आणि परत आल्यावर मी वाचलं पण. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून हिमस्खलनाबरोबर दगड येतात, बर्फात मिसळतात, आणि खालच्या भागात बर्फ वितळत गेला की दगड वरती उरतात. गंमत म्हणजे धुळीचा पातळ थर असेल तर ऊन शोषून बर्फ लवकर वितळतो आणि थर जाड झाला की तोच बर्फाला उन्हापासून झाकतो. म्हणून असल्या ग्लेशियरकडे नुसतं बघून ते किती आटलंय हे आपल्याला कळत नाही, ते जागच्या जागी खाली बसत जातं.

आणि हा सैल मलबाच किती ठिकाणी तलावाची भिंत असतो हा विचार केला की पोटात गोळा येतो. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथच्या वरचा चोराबाडी ताल असाच मोरेन फुटून रिकामा झाला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सिक्कीमचं साउथ ल्होनाक, तिथं कडेचं मोरेन तलावात कोसळलं, लाट उसळली आणि पाणी खाली चुंगथांगचं धरण घेऊन गेलं. बातम्यांत ढगफुटी ढगफुटी एवढंच कानावर पडतं, त्या बांधावरून स्वतः चालल्यावर कळतं की हे सगळं कशावर टेकलेलं आहे.

चक्रतीर्थचा कॅम्प नीलकंठ शिखराच्या पायथ्याशी, मैदान सुंदर, थंडी भयानक. तिथं पाणी ८६-८७ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे साध्या पातेल्यात डाळ रात्रभर ठेवा, दाणा हाताला लागणारच. पोर्टरदादांनी कुकर वर आणलेला, त्यांना सलाम. आम्ही त्यावर इंदूरची सेव टाकून खाल्ली आणि ती सगळ्या कॅम्पनं संपवली.

शेवटचा चढ उभा आहे, मग बोल्डरच बोल्डर, आणि मग एकदम खाली तलाव. हिरवा, तीन कोनांचा, मागे चौखंबा शिखर, ७१३८ मीटर. फोटोत दिसतो त्यापेक्षा लहानच वाटला मला, आणि सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही. काकांनी पाणी डोक्याला लावलं, इंदूरहून आणलेली अगरबत्ती लावायला गेले तर वाऱ्यानं काडी पेटेना, मग ती तशीच परत खिशात (पुडा पण परत आणला, कचरा तिथं खूप झालाय).

जाणार असाल तर जून किंवा सप्टेंबर बघा, भर पावसात बद्रीनाथचा रस्ताच बंद पडत असतो. परमिट जोशीमठला निघतं, त्यात दिवस जातो तो धरून चाला. गाइड माणाच्या किंवा आसपासच्या गावचाच घ्या, कारण मलबा सरकला की वाट बदलते आणि मोबाइलमधली जुनी वाट तिथं काही कामाची नाही.